लायगो हिंगोलीत, मग दुर्बीण दक्षिण ध्रुवावर कशासाठी?

प्रश्न : आमच्या भागाला लागूनच, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया वेधशाळा होत आहे. विश्वाच्या आरंभीच्या गुरुत्वीय लहरी तिथे सापडतील का? त्यांच्या शोधासाठी दक्षिण ध्रुवावर दुर्बिणी बसवल्याचे वाचले. विदर्भात उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी असते, तर असे उपकरण इथे का चालू नये?
– एक शिक्षिका, रिसोड तालुका, जि. वाशीम

उत्तर : गुरुत्वीय लहरी म्हणजे अवकाशाच्याच ताणण्या-आकसण्याच्या पसरत जाणाऱ्या लहरी, आणि लायगो ही त्या थेट टिपणारी वेधशाळा. पण आपण विचारता त्या लहरी लायगोच्या आवाक्याबाहेरच्या आहेत. लायगोच्या 4 किलोमीटर लांबीच्या भुजांना सेकंदाला दहा ते काही हजार वेळा होणारी कंपने जाणवतात. कृष्णविवरे एकमेकांत विलीन होताना अशी कंपने उठतात. आरंभीच्या ज्या लहरींचा माग ध्रुवावर काढला जातो, त्यांची तरंगलांबी आज अब्जावधी प्रकाशवर्षे आहे. त्यामुळे त्या थेट मोजण्याऐवजी, महास्फोटानंतर सुमारे 3,80,000 वर्षांनी मोकळ्या झालेल्या प्रारणावर त्यांनी उमटवलेला ठसा शोधावा लागतो. हे पार्श्वप्रारण आज सर्व दिशांनी येते, त्याचे तापमान 2.725 केल्विन आहे आणि तो ठसा त्याच्या ध्रुवीकरणातल्या (म्हणजे प्रारणाच्या लहरी कोणत्या दिशेत कंप पावतात त्यातल्या) भोवऱ्यासारख्या आकृतिबंधात असावा, असे सिद्धान्त सांगतो.

यासाठीचे उपकरण दिसायला लहान असते. दक्षिण ध्रुवावरच्या बायसेप-2 या दुर्बिणीचे भिंग जेमतेम 26 सेंटिमीटरचे होते. खरी करामत होती तिच्या 512 संवेदकांची. टायटॅनियमचा पातळ थर अतिवाहक (म्हणजे विद्युतरोध शून्य झालेला) होण्याच्या अगदी उंबरठ्यावर ठेवला, की आकाशातून आलेल्या किंचित उष्णतेनेही त्याचा विद्युतरोध लक्षणीय बदलतो. त्याकरिता संवेदकांचा तळ निरपेक्ष शून्याच्या वर केवळ पाव अंशापर्यंत थंड केलेला होता. संवेदक जोडीने बसवलेले असतात, एक उभ्या आणि दुसरा आडव्या ध्रुवीकरणासाठी. दोघांच्या नोंदींची वजाबाकी केली, की हवेची आणि आकाशाची समान चमक निघून जाते व ध्रुवीकरण तेवढे उरते. शिवाय दुर्बीण स्वतःच्या अक्षाभोवती फिरवून पुन्हा मोजतात, म्हणजे उपकरणाचा स्वतःचा दोष ओळखता येतो.

आता विदर्भाच्या हवेविषयी. मे महिन्यात ती अंगाला कोरडी लागते हे खरे, पण वरच्या संपूर्ण वातावरणातली वाफ मोजली तर ती ध्रुवावरच्या वाफेच्या कित्येक पट भरते. वाफ सूक्ष्मलहरी शोषते आणि स्वतःही उत्सर्जित करते. दक्षिण ध्रुव सुमारे 2,800 मीटर उंचीवर आहे. तिथल्या थंडीत वाफ गोठून जाते आणि सहा महिन्यांच्या रात्रीत हवाही स्थिर राहते. म्हणूनच तिथे किंवा चिलीतल्या अटाकामाच्या उंच वाळवंटात जावे लागते.

वाफेपेक्षाही कठीण अडचण आपल्या आकाशगंगेतल्या धुळीची आहे. मार्च 2014 मध्ये बायसेप-2 च्या गटाने ठसा सापडल्याचे जाहीर केले, मात्र त्यांची मोजणी 150 गिगाहर्ट्झ या एकाच वारंवारतेवर होती. चुंबकीय क्षेत्राशी जुळवून घेतलेले धूलिकणही ध्रुवीकृत प्रारण सोडतात. पार्श्वप्रारणाचे नकाशे बनवणाऱ्या प्लँक उपग्रहाच्या 353 गिगाहर्ट्झच्या नकाशांशी पडताळल्यावर, 2015 मध्ये, त्या संकेताचा मोठा भाग धुळीचा असल्याचे दिसले. त्याच गटाने प्लँकच्या शास्त्रज्ञांबरोबर हे विश्लेषण केले आणि प्रसिद्धही केले, ही बाब मला फार मोलाची वाटते. धूळ जास्त वारंवारतेला अधिक उजळते, पार्श्वप्रारण तसे वागत नाही. म्हणून आता अनेक वारंवारतांवर एकाच वेळी मोजणी होते. 2021 मध्ये बायसेप-केक गटाने (बायसेप-2 चेच काम पुढे नेणाऱ्या) दिलेल्या मर्यादेनुसार, आरंभीच्या गुरुत्वीय लहरींचे घनतेतल्या चढउतारांशी असलेले प्रमाण 0.036 पेक्षा कमी आहे. ठसा अजून सापडलेला नाही, परंतु विश्वाच्या आरंभीच्या प्रसरणाची काही सोपी प्रारूपे या एका आकड्याने बाद ठरली आहेत.