आधी दवाखान्यात जा, बाकीचं रांगेत बसून वाच

अरे बाळा,

रात्री पावणेतीनचा तुझा मेसेज आत्ता सकाळी बघितला. फोनच करणार होतो पण घरात सगळे असतात म्हणालास, म्हणून लिहितोय. परवा रात्री कंडोम न लावता झालं, तो म्हणाला मी क्लीन आहे, म्हणजे मला एचआयव्ही नाही, आणि आता तुझा घसा दुखतोय. घशाचं सोड. एचआयव्हीची लक्षणं आली तरी साधारण २ ते ४ आठवड्यांनी येतात, कित्येकांना काहीच जाणवत नाही, त्यामुळे घशावरून कुणालाच काही कळत नाही. खरी गोष्ट वेळेची आहे. पेप नावाची औषधं असतात, असं काही झाल्यावर एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून घ्यायची, ती ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि पुढे २८ दिवस रोज घ्यायची. ७२ तास ही शेवटची हद्द, जेवढ्या लवकर घेशील तेवढं चांगलं, आणि त्यातला बराच वेळ आधीच गेलाय. म्हणून इथेच थांब, कपडे घाल आणि नीघ. बाकीचं तिथे रांगेत बसून वाच.

पोचलास? बरं.

आता त्या "क्लीन" बद्दल. हा शब्द मला फार लागतो रे, मी १४ वर्षं पॉझिटिव्ह आहे, मग मी काय घाण आहे का? तो पोरगा खोटं बोलला असेल असंही मी म्हणत नाही, त्याला बहुतेक मनापासून तसं वाटत असेल. पण शेवटची टेस्ट कधी केली आणि त्यानंतर कुणाबरोबर काय झालं, हे तू विचारलंच नाहीस, आणि तुझ्या वयाचा असताना मीही कधी विचारलं नाही. मला लागण झाली ती माझ्या तेव्हाच्या नेहमीच्या माणसाकडून, ज्याच्यावर मी डोळे झाकून विश्वास ठेवायचो. त्यालाही माहीत नव्हतं.

आपल्या गे लोकांमध्येच हे जास्त का, असं तू विचारलंस. पाप-बिप काही नाही यात. गुदमार्गाचं अस्तर पातळ असतं, तिथून विषाणू सहज आत शिरतो. समोरचा पॉझिटिव्ह असेल, औषधावर नसेल आणि कंडोम नसेल तर बॉटमला, म्हणजे आत घेणाऱ्याला, दर १०,००० वेळांमागे साधारण १३८ वेळा लागण होते, टॉपला, म्हणजे आत घालणाऱ्याला, ११ च्या आसपास. त्यात आपलं वर्तुळ लहान, तीच तीच माणसं फिरून भेटतात. आणि लाज, ती तर टेस्टच्या दारापर्यंतसुद्धा पोचू देत नाही.

माझी एक मैत्रीण आहे, ट्रान्सवुमन. एका ठिकाणी टेस्टला गेली, तर खिडकीवरच्या माणसाने तिचं जुनं, पुरुषाचं नाव मोठ्याने दोनदा पुकारलं, सगळी रांग वळून बघायला लागली. ती पदर सावरत उठली आणि सरळ बाहेर गेली. पुन्हा टेस्ट केली ती दोन वर्षांनी, तोवर वजन निम्म्यावर आलं होतं. मला अजून त्या खिडकीचा राग येतो. ट्रान्स बायकांना तर अभ्यासातही कुणी धड मोजलं नाही. प्रेप म्हणजे लागण होऊच नये म्हणून आधीपासून घ्यायची गोळी, तिच्या पहिल्या मोठ्या चाचणीचे आकडे २०१० साली आले, त्यात २,४९९ जण होते, नंतर नीट बघितल्यावर कळलं की त्यातल्या ३३९ ट्रान्स बायका होत्या. प्रेप मिळालेल्यांपैकी ज्या ट्रान्स बायकांना लागण झाली, त्यांच्या एकीच्याही रक्तात त्या वेळी औषध सापडलं नाही. म्हणजे गोळी त्यांच्या पोटात जातच नव्हती. कित्येकींना वाटतं प्रेपने हार्मोन्सचा परिणाम जाईल, तसं होत नाही, हे तुझ्या ओळखीत कुणी असेल तर नक्की सांग.

तुझी टेस्ट आत्ताही करतील, मग साधारण दीड महिन्याने आणि ३ महिन्यांनी परत. मधे विंडो पिरियड असतो, म्हणजे लागण झालेली असली तरी टेस्टमध्ये दिसत नाही, तेव्हाच्या निगेटिव्ह रिपोर्टवर निवांत होऊ नकोस, कंडोम आणि पाण्याचं ल्युब सोडू नकोस (तेल लावलंस तर लॅटेक्स फाटतं). सिफिलिस, गनोरियाची पण तपासणी मागून घे. २८ दिवस झाले की प्रेपचं विचार.

आणि समजा, समजा पॉझिटिव्ह आलं तर? माझ्याकडे बघ. रोज रात्री एक गोळी, व्हायरल लोड अनडिटेक्टेबल, म्हणजे रक्तातला विषाणू इतका कमी की टेस्टमध्ये सापडत नाही, जोडीदार इतक्या वर्षांनी अजून निगेटिव्ह. २०१९ ला एका मोठ्या अभ्यासाचे आकडे आले, ७८२ गे जोडपी, एक पॉझिटिव्ह औषधावर, दुसरा निगेटिव्ह, कंडोमशिवाय ७६,००० च्या वर वेळा संबंध, आणि जोडीदाराकडून लागण शून्य. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा रडलो होतो. कारण आधीची कित्येक वर्षं मी माझ्या जोडीदाराला जवळ घेतानाही घाबरायचो.

तुझा नंबर आला की आत जाऊन आडून बोलू नकोस. कधी झालं, कसं झालं, तू बॉटम होतास, सगळं स्पष्ट सांग, किडनीचा किंवा हिपॅटायटिस बीचा त्रास असेल, दुसरी काही औषधं चालू असतील तर तेही. "असं का केलंस" म्हणून लेक्चर दिलं तर ऐकून घे, पण पेप घेतल्याशिवाय उठू नकोस. नाहीच म्हणाले तर लगेच मला मेसेज कर, दुसरीकडे आजच जाऊ, मी येतो बरोबर. मिळालं की पहिली गोळी तिथेच पाण्याबरोबर घे आणि किती वाजता घेतलीस ते कळव, उद्या त्याच वेळेला मी फोनवर रिंग देईन.