शोकसभेच्या आधी काकूंकडे जा

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

नाना गेल्याचं तुझ्याकडून कळलं, पण फोनवर मला नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहितो आहे. शोकसभेची जबाबदारी ग्रामपंचायतीने तुझ्यावर टाकली हे चांगलं झालं. फ्लेक्स केवढा, प्रमुख पाहुणा कोण, पुतळ्याची वर्गणी कधीपासून, असं तू विचारत होतास. त्या सगळ्याच्या आधी नानांच्या घरी जाऊन ये.

काकूंचं कुंकू, बांगड्या, जोडवी, मंगळसूत्र यांचं काय करायचं, याची कुजबुज भावकीत सुरू झाली असेल. दहाव्यापर्यंत ती वाढेल. ज्या माणसाने गावात मुलींची शाळा टिकावी म्हणून हयात घालवली, त्याच्याच दारात हे होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

2022 साली 6 मे रोजी राजर्षी शाहू महाराजांना जाऊन 100 वर्षं झाली. त्या दिवशी सकाळी 10 वाजता कोल्हापूर 100 सेकंद जागच्या जागी उभं राहिलं. माणसं, वाहनं, बाजार सगळं थांबलं. इतक्या वर्षांनी एका राजासाठी अख्खं शहर आपणहून स्तब्ध होतं, ही लहान गोष्ट नव्हे. पण त्याच्या दोनच दिवस आधी, 4 मे रोजी, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने ठराव केला की नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही, जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. महाराजांनी 1917 साली आपल्या संस्थानात विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला होता. शंभर सेकंदांची स्तब्धता मला प्यारी आहेच, पण महाराजांचं काम पुढे नेलं ते हेरवाडने.

तेव्हा ठरावाचा मसुदा आत्ताच तयार कर आणि पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर घे. आधी म्हाताऱ्या बायकांशी बोल. स्वतः ते भोगलेल्या बायका या बाबतीत पुरुषांपेक्षा धीट निघतात, असा माझा अनुभव आहे. काकूंना मात्र गळ घालू नकोस. ठेवायचं की काढायचं हे त्यांनी ठरवावं. दुसऱ्या कुणी त्यांच्या हाताला हात लावायचा नाही, एवढी काळजी तू घे.

दशक्रियेच्या घाटावर पुढाऱ्यांची भाषणं ठेवू नका. पिंडाकडे बघत घरची माणसं बसलेली असतात आणि माईकवर कुणी आपल्या पक्षाची कामं सांगत असतो, हे मी फार पाहिलं आहे आणि दर वेळी चीड आली आहे. शोकसभा वेगळ्या दिवशी घ्या, संध्याकाळी, शेतातली माणसं घरी आल्यावर.

स्मरणिका काढणार असाल तर विशेषणं कमी करा. ‘थोर’, ‘दानशूर’ हे शब्द कुणालाही चिकटतात. त्यापेक्षा पाण्याच्या पाळीची भांडणं नाना कशी मिटवायचे, दोन्ही बाजू आधी वेगवेगळ्या का ऐकायचे, वाटणीचा कागद कुणाकडून लिहून घ्यायचे, हे त्या भांडणातल्या माणसांकडून ऐकून लिहा. नानांशी ज्यांचं पटत नव्हतं त्यांच्याकडेही जा. निवडणुकीतला त्यांचा पराभव गाळू नका. पडल्यावरही ते दुसऱ्याच सकाळी शाळेच्या कामावर आले होते, हे गावातल्या नव्या पोरांना कळायला हवं. जुनी माणसं आहेत तोवर हे मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेव. यात दिरंगाई नको.

पुतळ्याचं म्हणशील तर घाई करू नका. परवानगी लागते, वर्गणीवरून वाद होतात, आणि मग त्याची निगा कोण राखणार यावर गाव गप्प बसतं. त्याच पैशांतून शाळेचं अर्धवट राहिलेलं स्वच्छतागृह पुरं करा. नानांनी त्याच्यासाठी घातलेल्या खेपा तुलाच माहीत आहेत. मुली मोठ्या वर्गात आल्या की शाळा का सोडतात, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नव्हतं.

फ्लेक्स एकच लावा, नानांच्या फोटोचा. खाली शुभेच्छुकांच्या फोटोंची रांग नको. सभेत काकूंना पुढे मानाने बसव. त्यांना बोलायचं असेल तर पाहुण्यांच्या आधी त्यांना बोलू दे, आणि नको म्हणाल्या तर आग्रह धरू नकोस.

मी सभेला येतो आहे. ठरावाचा मसुदा त्याआधी मला पाठव.

तुझा,
गुरुजी