एवढं शिकून बाटल्याच भरायच्या का? एका आईच्या पत्राला उत्तर

नमस्कार ताई,

तुमची मुलगी बीएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे, ती फार्मा नाहीतर हॉस्पिटलच्या लॅबमधे जाणार असं घरात सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं, आणि आता ती म्हणतेय की लोक जिथे पोहायला जातात त्या बीचचं पाणी तपासायच्या कामात जायचंय. तुम्ही विचारलंय की एवढं शिकून बाटल्याच भरायच्या का, आणि यात पुढे काही आहे का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जरा लांबेल, पहिल्याचं आधी देते.

बाटली भरणं हीच या कामातली सगळ्यात अवघड पायरी आहे बरं का. मशीन सहसा चुकत नाही, चुकतो तो नमुना. युरोपियन युनियनचा पोहण्याच्या पाण्याबद्दलचा 2006 चा नियम आहे, त्यात सांगितलंय की शक्यतो निदान 1 मीटर खोल पाण्यात, पृष्ठभागाच्या 30 सेंटिमीटर खालून नमुना घ्यायचा, बाटली निर्जंतुक हवी, ऊन लागू द्यायचं नाही, थंड पेटीत ठेवून लॅबला पोचवायचा. वाचायला सोपं वाटतं, पण तिकडे लाटा येत असतात, पायाखालची वाळू ढवळली जात असते आणि त्या ओल्या वाळूत स्वतःचेच जीवाणू असतात, झाकणाच्या आतून बोट लागलं की नमुना वाया. वेळेचंही तसंच. उन्हाने जीवाणू मरतात, त्यामुळे लख्ख दुपारी घेतलेला नमुना पाण्याला फुकटचं चांगलं सर्टिफिकेट देऊन जातो, म्हणून बरेच जण सकाळी लवकर जातात.

आणि जागा कुठली? नाला जिथे समुद्राला मिळतो तिथे बाटली बुडवायची की तिथून शंभर पावलं पुढे? दोन्हीकडे आकडे वेगळे येऊ शकतात आणि दोन्ही खरे असतात. नियम सांगतो की जिथे जास्त लोक पोहतात किंवा जिथे घाण येण्याचा धोका जास्त आहे ती जागा धरा. पण निकाल जिथे बरा येतो तीच जागा धरायचा मोह सगळ्यांना होतो, तिथे ठाम उभं राहायला विषय कळलेला माणूस लागतो. म्हणून हे काम कोणालाही बाटली देऊन धाडून दिलं की झालं, असं नाही.

आता तपासतात काय ते सांगते, म्हणजे मुलीशी बोलताना तुम्हालाही धागा सापडेल. पाण्यातून आजार देणारे जंतू ढीगभर, नोरोव्हायरस काय, क्रिप्टोस्पोरिडियम काय, प्रत्येकाची रोज टेस्ट करणं कोणालाच परवडत नाही. म्हणून विष्ठेबरोबर हमखास येणारे एंटेरोकोकाय आणि ई. कोलाय हे जीवाणू मोजतात, ते सापडले म्हणजे मैला कुठून तरी पाण्यात आलाय असं समजायचं. खाऱ्या पाण्यात एंटेरोकोकाय जास्त तग धरतात म्हणून समुद्रासाठी भर त्यांच्यावर. अमेरिकेच्या ईपीएने, म्हणजे तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, 2012 मधे जे निकष दिले त्यात 100 मिलिलिटरमागे एंटेरोकोकायची भूमितीय सरासरी (एखाददुसऱ्या प्रचंड आकड्याने फार न हलणारी सरासरी) 35 आहे. युरोपात समुद्राच्या पाण्याला 'उत्कृष्ट' म्हणायचं तर 100 ची मर्यादा, पण ती सरासरीवर नाही, 95 व्या पर्सेंटाइलवर, म्हणजे ढोबळमानाने शंभरातले 95 नमुने त्या मर्यादेच्या आत हवेत. म्हणजे 35 कडक आणि 100 ढिला असं म्हणता येत नाही, दोन्ही मोजमापंच वेगळी आहेत. तुमच्या मुलीला हा फरक समजावून सांगता येतो का बघा, आला तर अर्धी मुलाखत तिथेच पास!

हे आकडे हवेतून आलेले नाहीत. ब्रिटनमधे 1989 ते 1992 या काळात चार बीचवर 1,200 च्या वर प्रौढ लोकांना घेऊन अभ्यास झाला, कोणी पाण्यात जाऊन डोकं बुडवायचं आणि कोणी कोरडं राहायचं हे रँडम ठरवलं, आणि नंतर पोट कोणाचं बिघडलं ते पाहिलं. पाण्यात विष्ठेतले स्ट्रेप्टोकोकाय, म्हणजे याच गटातले जीवाणू, वाढले तसा पोटाचा त्रासही वाढला. जागतिक आरोग्य संघटनेने 2003 मधे मार्गदर्शक आकडे ठरवताना याच अभ्यासाचा आधार घेतला. म्हणजे बीचवर पाण्याचा निकाल लावतात त्या बोर्डावरच्या एका लाल खुणेमागे खऱ्या माणसांची आजारपणं मोजलेली आहेत.

आता या क्षेत्राचं खरं दुखणं. निकाल उद्या येतो. एंटेरोकोकायचं कल्चर म्हणजे नमुना फिल्टर करून ती फिल्टरची चकती जीवाणू वाढवणाऱ्या माध्यमावर ठेवायची, 41 अंश सेल्सिअसला 24 तास इनक्युबेटरमधे, मग निळी कडा असलेल्या कॉलनी, म्हणजे जीवाणूंचे ठिपके, मोजायच्या. म्हणजे सोमवारचा नमुना मंगळवारी कळणार, तोवर सोमवारी पोहलेले लोक घरी गेलेले, आणि मंगळवारी जो बोर्ड लागतो तो सोमवारच्या पाण्याबद्दल. पाणी काय थांबून राहत नाही, भरती ओहोटीत काही तासांत चित्र बदलतं. शिळी बातमी ताजी म्हणून लावल्यासारखंच आहे ते, आणि हे या क्षेत्रातल्या सगळ्यांना माहीत असतं.

तुम्ही विचारलं ना पुढे काही आहे का, ते इथे आहे. वेळ कमी करण्याच्या मागे सध्या बरीच मंडळी आहेत. जीवाणूचा डीएनए मोजणाऱ्या क्यूपीसीआरने काही तासांत उत्तर मिळतं, कॅलिफोर्नियाच्या सॅन डिएगो काउंटीने 2022 मधे त्याच्या पुढचं डिजिटल पीसीआर तंत्र बीचसाठी रोजच्या वापरात आणलं. पण त्यातही गोची आहे, डीएनए मेलेल्या जीवाणूचाही मोजला जातो, त्यामुळे कल्चरचा आकडा आणि पीसीआरचा आकडा एकास एक जुळत नाही, मग जुन्या मर्यादा तशाच लावायच्या कशा? दुसरा रस्ता अंदाजाचा, पाऊस किती पडला, वारा कुठून, लाटा केवढ्या, पाणी किती गढूळ, यावरून आजचा आकडा काय असेल ते मॉडेलने काढायचं. ईपीएचं व्हर्च्युअल बीच नावाचं फुकट सॉफ्टवेअर याच कामाचं आहे, अमेरिकेतल्या ग्रेट लेक्सच्या किनाऱ्यांवर असे अंदाज रोजच्या रोज देतात. सगळ्यात साधा अंदाज पावसाचा, कॅलिफोर्नियात पाऊस पडून गेल्यावर 72 तास पाण्यात जाऊ नका असं सांगतात, कारण रस्त्यावरची आणि गटारातली सगळी घाण त्या पाण्याबरोबर समुद्रात येते.

तिसरं काम शोधाचं. आकडा वाढला, पण मैला कोणाचा? माणसाचा असेल तर धोका मोठा, सीगल पक्ष्यांचा असेल तर गोष्ट वेगळी. 1999 च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियाचा हंटिंग्टन बीच आठवडेच्या आठवडे बंद ठेवावा लागला, तेव्हा संशय फुटलेल्या गटारांवर गेला, समुद्रात सांडपाणी सोडणाऱ्या पाइपवर गेला, शेजारच्या पाणथळीतल्या पक्ष्यांवरही गेला, आणि एकच एक गुन्हेगार काही हाती लागला नाही. आज माणसाच्या आतड्यातल्या बॅक्टेरॉइड्स या जीवाणूंची डीएनएतली खूण, एचएफ183 म्हणतात तिला, ती पाण्यात शोधता येते. मला विचाराल तर मायक्रोबायोलॉजीच्या मुलीने याच वाटेला जावं, पीसीआर हातात असलं की उद्या बीच सोडून सांडपाण्यात किंवा पिण्याच्या पाण्यात जायलाही दार उघडं राहतं.

आता कडू भाग. नुसतं सॅम्पलिंगचं काम बऱ्याच ठिकाणी सीझनल असतं, पोहण्याचा हंगाम संपला की कॉन्ट्रॅक्ट संपलं. पहाटे उठायचं, सुट्टीच्या दिवशी जायचं कारण गर्दी तेव्हाच, भिजायचं, वास सहन करायचा. पगार फार्मापेक्षा कमी असण्याची तयारी ठेवा. आणि दबाव असतो. बीच बंदचा बोर्ड लागला की ज्यांचा धंदा तिथे आहे ते चिडतात, मग फोन येतात, परत एकदा टेस्ट करा ना, जरा तिकडून घ्या ना. जिला वाद अजिबात झेपत नाही तिला हे काम त्रास देतं, हे मी मुलीला समोर बसवून सांगेन.

नोकऱ्या कुठे? स्थानिक संस्थांचे आरोग्य विभाग, प्रदूषण नियंत्रणाची सरकारी खाती, पाणी तपासणाऱ्या खाजगी लॅब, सांडपाणी प्रक्रिया कंपन्या, पर्यावरण सल्लागार, आणि ब्लू फ्लॅगसारखं स्वच्छ बीचचं मानांकन घेणारे बीच, कारण त्यांना हंगामभर ठराविक अंतराने पाणी तपासून निकाल लोकांसमोर लावावाच लागतो. लॅब निवडताना ती आयएसओ 17025, म्हणजे तपासणी लॅबसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या, मान्यतेची आहे का एवढं आधी बघायला सांगा, तिथे रेकॉर्ड, ब्लँक (जंतू नसलेल्या पाण्याचे) आणि डुप्लिकेट नमुने यांची जी शिस्त लागते ती पुढे कुठेही उपयोगी पडते.

शिकायचं म्हणाल तर एमएस्सी करताना एक गोष्ट हट्टाने घ्यायला लावा, स्टॅटिस्टिक्स. मायक्रोबायोलॉजीची बरीच मुलं गणित नको म्हणून इकडे आलेली असतात आणि इथे नेमकं त्यावरच अडतं. लॉग, भूमितीय सरासरी, पर्सेंटाइल, रिग्रेशन, एवढं आर नाहीतर पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषांमधे करता आलं तर बाटली भरणारी आणि बीच बंद करायचा की नाही ते सांगणारी यातला फरक पडतो, आणि पगारही दुसरीलाच बरा असतो. जीआयएस, म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे हाताळणं, आलं तर उत्तमच, नाल्यांचे आणि पाइपलाइनचे नकाशे वाचता यायला हवेत. पोहता येत असेल असं मी धरून चालले, नसेल तर आधी ते!

लगेच काय करायचं तर शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट याच विषयावर घ्यायला सांगा. एकच किनारा, तीन ठरलेल्या जागा, आठवड्याला एकदा ठरलेल्या वेळी नमुना, आणि पाऊस पडल्यावर लागोपाठ दोन-तीन दिवस जास्तीचे. एकटीने पाण्यात उतरायचं नाही, सोबत कोणीतरी हवंच. कॉलेजच्या लॅबमधे फिल्टरेशनची सोय नसली तरी ई. कोलायसाठी एमपीएन ट्यूब पद्धत (किती ट्यूबमधे जीवाणू वाढले त्यावरून संख्येचा अंदाज काढायची) तर असतेच, तिने सुरुवात होते. प्रत्येक वेळी भरतीची स्थिती, पाण्याचं तापमान, किती लोक होते, पक्षी किती, कुत्री होती का, हे सगळं वहीत लिहायचं. सेमिस्टरभर हे करून झाल्यावरही तिला यातच जायचं असेल तर तो डेटा आणि ती वही घेऊन दोघी या माझ्याकडे, मग कुठल्या युनिव्हर्सिटीत कोणत्या विषयाला अर्ज करायचा ते बसून ठरवू. आणि पहिल्याच पावसात कंटाळली तर फार्मा कुठे पळून जात नाहीये ताई.