टेबलावर ‘पान’ असताना ‘पानशेत’ म्हणता येते का?

प्रश्न : कोजागरीच्या रात्री आमच्याकडे दहा जण जमले होते. भाच्याने आणलेला ‘कोडनेम्स’ हा शब्द ओळखण्याचा पत्त्यांचा खेळ आम्ही मराठी शब्दांच्या चिठ्ठ्या करून खेळलो. माझ्या जाऊबाईंनी ‘पूर’ आणि ‘धरण’ या शब्दांसाठी ‘पानशेत, दोन’ असा संकेत दिला. ‘पान’ ही चिठ्ठी तेव्हा झाकलेली नव्हती, म्हणून समोरच्या गटाने तो संकेत बाद ठरवला आणि पुढचा अर्धा तास वादातच गेला. सासूबाईंना तर खेळच नीट उमगला नाही. कृपया खेळ समजावून सांगावा आणि निवाडाही द्यावा.
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : निवाडा आधी देतो. आपल्या जाऊबाईंचा संकेत योग्य होता. किंबहुना पानशेत धरण फुटून आलेला १२ जुलै १९६१ चा पूर ज्या घरांत अजून आठवणीने सांगितला जातो, अशा पुण्यातल्या घरात याहून नेमका संकेत सापडणे कठीण आहे. मात्र तो योग्य का, हे कळण्यासाठी खेळाची रचना ध्यानात घ्यावी लागेल, आणि त्यातच सासूबाईंच्या अडचणीचेही उत्तर मिळेल.

व्लादा ख्वातिल या चेक रचनाकाराचा हा खेळ २०१५ साली प्रकाशित झाला. टेबलावर पाच ओळींत पाच-पाच याप्रमाणे २५ शब्द मांडायचे आणि खेळणाऱ्यांचे लाल व निळा असे दोन गट करायचे. प्रत्येक गटाचा एक सूत्रधार असतो. दोन्ही सूत्रधार टेबलाच्या एकाच बाजूला बसतात आणि कोणता शब्द कोणाचा हे दाखवणारा लहानसा नकाशा फक्त त्यांनाच दिसतो. सुरुवात करणाऱ्या गटाचे नऊ शब्द, दुसऱ्या गटाचे आठ, कोणाचेच नसलेले सात आणि उरलेला एक मारेकऱ्याचा. सूत्रधाराने आपल्या पाळीला एक शब्द आणि एक आकडा, एवढेच बोलायचे. आकडा म्हणजे त्या संकेताशी जुळणाऱ्या आपल्या शब्दांची संख्या. गटातल्या मंडळींनी आपसात हवी तेवढी चर्चा करावी, पण शब्दाला बोट लावले की तो त्यांचा निर्णय ठरतो. शब्द आपला निघाला तर त्यावर आपल्या रंगाचा पत्ता ठेवून पुढचा ओळखता येतो, आणि आकड्यापेक्षा एक शब्द जास्त ओळखण्याची मुभा असते, म्हणजे मागच्या पाळीत हुकलेला शब्दही तेव्हा साधता येतो. कोणाचाच नसलेला शब्द निघाला तर पाळी संपते. समोरच्यांचा निघाला तर पाळी संपून त्यांचाच फायदा होतो. आणि मारेकऱ्याच्या शब्दाला बोट लागले तर डाव तिथेच हरला. आपले सगळे शब्द आधी झाकले जातील तो गट जिंकतो.

आता वादाचा मुद्दा. झाकला न गेलेल्या शब्दाचे कोणतेही रूप संकेतात येता कामा नये, असा नियम आहे. इंग्रजीत हा नियम सहज पाळता येतो. मराठीत विभक्ती, सामान्यरूप आणि समास यांमुळे तो नीट ठरवून घ्यावा लागतो. ‘पाणी’ समोर असेल तर ‘पाण्यात’ चालणार नाही, ‘पाणपोई’ही नाही. ‘वार’ समोर असेल तर ‘शनिवारवाडा’ चालणार नाही, कारण शनिवारातला ‘वार’ हा अर्थासकट तोच शब्द आहे. ‘पानशेत’ हे मात्र गावाचे नाव आहे. ते ऐकून विड्याचे किंवा पुस्तकाचे पान कोणाच्या मनात येत नाही. जुळणी अक्षरांची नसून अर्थाची असावी, हे या खेळाचे मूळ तत्त्व आहे आणि निवाडा करताना तेच धरून चालावे. संकेत खरोखरच बाद ठरला तर पाळी तिथेच संपते आणि समोरचा सूत्रधार पुढचा संकेत देण्यापूर्वी आपला एक शब्द झाकून घेतो. अर्धा तास घालवण्याची गरज नाही.

सासूबाईंना खेळ उमगला नाही, असे आपण लिहिता. माझा अनुभव असा की, ज्येष्ठांना हा खेळ मुलांपेक्षा लवकर साधतो, मात्र संकेत त्यांच्या शब्दसाठ्यातला असायला हवा. आमच्या घरी एकदा ‘मात्रा’, ‘तार’ आणि ‘सूर’ हे तिन्ही शब्द माझ्या गटाचे होते. ‘संगीत, तीन’ असे म्हणण्याचा मोह मला झाला, पण मारेकऱ्याचा शब्द ‘पेटी’ होता आणि गाण्याची आवड असलेल्या मराठी घरात ‘संगीत’ म्हटल्यावर पहिले बोट पेटीवरच जाणार. म्हणून मी ‘वृत्त, दोन’ असा संकेत दिला : छंदाचे वृत्त म्हणून ‘मात्रा’, आणि बातमी आणणारी म्हणून ‘तार’. माझ्या आईने क्षणात दोन्ही ओळखले. दहा वर्षांच्या पुतण्याला मात्र तार म्हणजे विजेची तारच ठाऊक, कारण देशातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये, त्याच्या जन्माआधीच, बंद झाली. गटात तो एकटाच असता तर माझा संकेत चुकीचा ठरला असता. सूत्रधाराने संकेत देण्यापूर्वी ऐकणाऱ्यांकडे पाहावे ते यासाठी. सासूबाईंनाच एकदा सूत्रधार करून पाहावे, असेही मी सुचवीन.

प्रश्न : मराठी पत्ते घरी करायचे असल्यास शब्द कसे निवडावेत? वेळेची मर्यादा ठेवावी का?
— एक वाचक, सिंहगड रस्ता

उत्तर : वेळेची मर्यादा ऐच्छिक आहे, कोणी फारच रेंगाळले तर वाळूचे घड्याळ उलटे करावे.

शब्दांची निवड मात्र मन लावून करावी. अप्पा बळवंत चौकात जाड कार्डकागद सहज मिळतो. त्याचे सारख्या आकाराचे शंभरेक तुकडे केले तर बरेच दिवस पुरतात. ज्यांना दोन-तीन अर्थ आहेत अशी नामे आधी घ्यावीत : अंक, घाट, हार, मान, कळ, वार, पट, मात्रा. ‘अंक’ हा नाटकाचा, दिवाळीचा आणि गणिताचाही असतो, त्यामुळे त्याच्याकडे नेणाऱ्या वाटा पुष्कळ आणि फसण्याच्या जागाही तितक्याच. पर्वती, मंडई, भाकरवडी असे पुण्याचे शब्द चवीपुरते असावेत. नागपूरहून आलेल्या पाहुण्यावर ते अन्याय करतात. नकाशासाठी पंचवीस चौकोनांचे निदान दहा-बारा कागद आधीच रंगवून ठेवावेत आणि प्रत्येकाच्या कडेला सुरुवात करणाऱ्या, म्हणजे नऊ चौकोन असलेल्या, गटाच्या रंगाची खूण करावी.