बेळगावच्या क्रिटिकल केअर डिप्लोमाला जर्मनीत मान्यता मिळते का?

तुम्ही विचारले आहे की, खानापूर तालुक्यातल्या तुमच्या धाकट्या बहिणीने बी.एस्सी. नर्सिंगनंतर बेळगावात क्रिटिकल केअरचा (अतिदक्षता शुश्रूषेचा) एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा केला आहे, ती काही वर्षे आयसीयूत काम करत आहे, तर जर्मनीत गेल्यावर तिला विशेषज्ञ परिचारिकेचा दर्जा लगेच मिळेल का. मी निपाणीकडची आहे, शिक्षण बेळगावात झाले आणि सध्या जर्मनीतल्या नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया राज्यात आयसीयूतच काम करते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

लगेच मिळत नाही. आधी तिच्या मूळ नर्सिंग शिक्षणाला मान्यता मिळवावी लागते आणि डिप्लोमाचा अर्ज त्यानंतर, स्वतंत्रपणे करावा लागतो. या दोन्हींचे कायदेही वेगळे आहेत. मूळ व्यवसायासाठी संपूर्ण देशाला लागू असलेला कायदा 1 जानेवारी 2020 पासून अमलात आहे; विशेष शिक्षण मात्र प्रत्येक राज्य आपल्या नियमांनी ठरवते, आणि जिथे असा नियम नाही तिथे जर्मन रुग्णालय महासंघाच्या शिफारशी प्रमाण मानल्या जातात. त्यामुळे एकाच डिप्लोमाबद्दल दोन राज्यांत दोन वेगळे निर्णय येऊ शकतात. नोकरी कोणत्या राज्यात घ्यायची हे ठरवतानाच ही चौकशी करावी.

मूळ मान्यतेसाठी तिथला तीन वर्षांचा अभ्यासक्रम आधारभूत धरला जातो. त्यात 2100 तास वर्गातले आणि 2500 तास प्रत्यक्ष कामाचे असतात. आपल्या चार वर्षांच्या पदवीत एकूण तास सहसा कमी पडत नाहीत, पण त्यांची वाटणी वेगळी असते. जर्मन कायद्याला सर्व वयोगटांची आणि रुग्णालय, वृद्धाश्रम व रुग्णाचे घर या तिन्ही ठिकाणची शुश्रूषा अपेक्षित आहे, त्यामुळे आपल्याकडच्या मुलींना मान्यता कार्यालयाकडून येणाऱ्या निर्णयपत्रात वृद्धांची दीर्घकालीन काळजी आणि घरी जाऊन करायची शुश्रूषा या बाबी अपुऱ्या म्हणून नोंदवल्या जातात. म्हणून कम्युनिटी हेल्थच्या पोस्टिंगचे तास, मग ते किणये-वंटमुरीसारख्या गावांच्या आरोग्य केंद्रांतले असोत की आणखी कुठले, महाविद्यालयाच्या पत्रात स्वतंत्रपणे लिहून घ्यावेत. उरलेला फरक भरून काढण्यासाठी ज्ञानपरीक्षा द्यावी लागते किंवा रुग्णालयात राहून पूरक प्रशिक्षण पूर्ण करावे लागते. सगळी तुलना करून घेण्याचा हक्क सोडून यांपैकी एक मार्ग थेट निवडण्याची सोय आता कायद्यात आहे. आपल्या भागातल्या मुलींनी ही सोय विचारात घ्यावी, कारण जुन्या वर्षांचा तासवार अभ्यासक्रम मिळवण्यातच कित्येक महिने जातात.

कायद्यानुसार कामाचा अनुभव शिक्षणातला फरक भरून काढू शकतो, आणि तुमच्या बहिणीची सर्वांत जमेची बाजू हीच आहे. ‘स्टाफ नर्स म्हणून समाधानकारक काम केले’ एवढ्या एका ओळीच्या अनुभवपत्राचा मात्र तिथे काहीही उपयोग होत नाही. विभाग कोणता, खाटा किती, आठवड्याचे तास किती, व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांची कोणती जबाबदारी तिच्याकडे होती, डायलिसिसचे काम होते का, नव्या मुलींना ती शिकवत होती का, हे सारे तारखांसह त्या पत्रात आले पाहिजे. नोकरी सोडल्यानंतर असे पत्र मिळवणे कठीण होते. मेट्रन ओळखीच्या आहेत तोवर ते मागून घ्यावे.

आता कागदपत्रांविषयी. सीमाभागात राहणाऱ्यांची अडचण इतरांहून वेगळी असते. जन्मदाखला कन्नडमध्ये, शाळा सोडल्याचा दाखला मराठीत आणि पुढची गुणपत्रके इंग्रजीत असतात. बेळगाव शहराचे अधिकृत नाव 1 नोव्हेंबर 2014 पासून ‘बेळगावी’ झाल्यामुळे जुन्या व नव्या कागदांवर गावाचे नावही वेगवेगळे येते. एका कागदावर नावामागे वडिलांच्या नावाचे आद्याक्षर, दुसऱ्यावर आडनाव आधी, पासपोर्टवर लग्नानंतरचे नाव, असे असले की परक्या कार्यालयातल्या माणसाला त्या तीन निराळ्या बाई वाटतात. ही सर्व रूपे एकाच व्यक्तीची आहेत असे प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवावे आणि जे दाखले इंग्रजीत मिळतात ते इंग्रजीतच घ्यावेत. जर्मन भाषांतर शपथबद्ध भाषांतरकाराचेच लागते, आणि कन्नड किंवा मराठीतून थेट जर्मन करणारे असे लोक फार थोडे आहेत. कर्नाटक राज्य परिचर्या परिषदेची नोंदणी चालू आहे ना, तेही पाहावे. बहीण मध्यंतरी कोल्हापूर किंवा मिरजेला काम करत असेल आणि त्यासाठी महाराष्ट्रात नोंदणी घेतली असेल, तर दोन्ही परिषदांचे कागद जोडावेत. नोंदणीपत्रात नर्स आणि मिडवाइफ असे दोन्ही उल्लेख असतात, पण जर्मनीत सुईणीचा व्यवसाय पूर्णपणे वेगळा असून त्याला वेगळी पदवी लागते; त्या उल्लेखावर कसलीही आशा ठेवू नये.

ज्ञानपरीक्षेला तोंडी आणि प्रात्यक्षिक असे दोन भाग असतात. अनुभवी आयसीयू नर्ससुद्धा तिथे अडखळतात, आणि त्याचे कारण वैद्यकीय ज्ञानाचा अभाव हे नसते. रुग्णाला आंघोळ घालणे, भरवणे, कूस बदलणे, त्याच्याशी बोलत बोलत त्याची त्वचा तपासणे ही आपल्याकडे नातेवाइकांवर किंवा आयांवर सोडलेली कामे तिथे परिचारिकेच्या कौशल्याचा गाभा मानली जातात आणि परीक्षक तीच बारकाईने पाहतात. बहिणीला आतापासून स्वतःच्या वॉर्डात ही कामे स्वतः करायला सांगा. जर्मन भाषेची पातळी बी-दोन (B2, म्हणजे कामावर बऱ्यापैकी सहज बोलता-लिहिता येण्याइतकी) लागते. त्यासाठी पुणे किंवा बेंगळुरूच्या मॅक्स म्युलर भवनाचा, म्हणजे तिथल्या जर्मन भाषा केंद्राचा, पर्याय आहे. घरी मराठी, वॉर्डात कन्नड आणि अभ्यास इंग्रजीत, अशी सवय असलेल्या आपल्या मुली चौथी भाषा निश्चितपणे शिकू शकतात.

मूळ मान्यता मिळाली की डिप्लोमाचा प्रश्न येतो. रुग्णालय महासंघाच्या शिफारशीनुसार अतिदक्षता व भूल विभागाचे विशेष शिक्षण नोकरी सांभाळून दोन वर्षे चालते, त्यात किमान 720 तास अध्यापन आणि 1800 तास प्रत्यक्ष काम असते. आपला डिप्लोमा एक वर्षाचा आहे आणि भूलशास्त्राचा भाग त्यात त्या मानाने कमी आहे. त्यामुळे पूर्ण समकक्षतेची अपेक्षा न धरता काही भाग ग्राह्य धरण्याची मागणी करणे मला अधिक व्यवहार्य वाटते. माझे प्रामाणिक मत असे की, मूळ मान्यतेनंतर त्या विभागात किमान सहा महिने काम करून तिथलेच विशेष शिक्षण घेण्याची संधी मिळत असेल, तर ती सोडू नये. बेळगावचा डिप्लोमा वाया जात नाही. अभ्यास सोपा होतो आणि विभागात निवड होताना त्याचा उपयोग होतो.

हे सर्व एजंटच्या भरवशावर सोडू नका. बॉन येथील सरकारी सल्लाकेंद्र परदेशातल्या अर्जदारांना विनामूल्य मार्गदर्शन करते आणि नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियापुरते अर्ज म्युन्स्टरच्या जिल्हा प्रशासनाकडे जातात. भरतीचा खर्च मालकाने करायचा, हे ‘फेअरे आनवेर्बुंग फ्लेगे’ (Faire Anwerbung Pflege, म्हणजे परिचारिकांची न्याय्य भरती) या सरकारी गुणचिन्हामागचे तत्त्व आहे. मुलीकडून लाखो रुपये मागणाऱ्या एजंटाकडे हे चिन्ह आहे का, ते आधी विचारा. करारावर सही करण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी घ्या: मान्यता मिळेपर्यंत सहायक म्हणून पगार किती, मुदतीआधी नोकरी सोडल्यास किती रक्कम परत करावी लागेल, आणि विशेष शिक्षण मान्य झाल्यावर वेतनगट कोणता मिळेल. सरकारी वेतनकरार पाळणाऱ्या रुग्णालयांत सर्वसाधारण परिचारिका पी-सात किंवा पी-आठ गटात असते आणि विशेषज्ञ परिचारिका पी-नऊमध्ये जाते. तिसऱ्या मुद्द्याचे उत्तर याच शब्दांत द्यायला सांगावे.