वादळी ढगांच्या लहरींना ‘गुरुत्वीय लहरी’ म्हणावे का?

गडगडाटी ढगांपासून निघणाऱ्या वातावरणीय लहरींच्या संगणकीय प्रारूपाबद्दल एका लेखात या लहरींना ‘गुरुत्वीय लहरी’ म्हटले आहे, ते बरोबर आहे का, असा प्रश्न आहे. माझ्या मते हा शब्द येथे वापरू नये.

आइन्स्टाइन यांनी १९१६ मध्ये भाकीत केलेल्या आणि १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लायगो वेधशाळेने प्रथम टिपलेल्या, अवकाश-काळाच्याच लहरींसाठी हा शब्द मराठीत रूढ झाला आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होऊ घातलेल्या लायगो-इंडिया या वेधशाळेमुळे तो वृत्तपत्रांतूनही घरोघरी पोहोचला आहे. त्या लहरी प्रकाशाच्या वेगाने जातात. ढगांच्या लहरी मात्र हवेच्या आहेत आणि त्यांचा वेग सेकंदाला काही दहा मीटर इतकाच असतो.

त्या निर्माण होतात त्या अशा. ढगातील जोरदार ऊर्ध्वप्रवाह तपस्तब्धीवर (वातावरणाच्या सर्वांत खालच्या थराच्या वरच्या सीमेवर) आदळून थोडा स्थितांबरात, म्हणजे त्यावरच्या थरात, घुसतो; तेथे ही हवा भोवतालच्या हवेपेक्षा थंड आणि जड ठरल्याने खाली येते, वेगाच्या भरात समतोलाची पातळी ओलांडते आणि पाण्यात दाबून सोडलेल्या लाकडासारखी पुन्हा वर ढकलली जाते. या आंदोलनातून निघालेल्या लहरी वर जाताना, हवा विरळ होत असल्याने, अधिकाधिक मोठ्या होतात. फोव्हेल, ड्युरान आणि होल्टन यांनी १९९२ मध्ये वादळी ढगांच्या रांगेचे द्विमितीय प्रारूप चालवून स्थितांबरातील अशाच लहरींचा अभ्यास केला.

प्रारूपाच्या समीकरणांतच शब्दनिवडीचे उत्तर आहे. हवेला पूर्वस्थितीकडे खेचणारे पद नुसते गुरुत्वाचे नसते, तर घनतेतील फरकाचे भोवतालच्या घनतेशी जे गुणोत्तर, त्याने गुरुत्वत्वरणाला गुणलेले असते, हेच उत्प्लावन, म्हणजे हलक्या हवेला वर आणि जड हवेला खाली ढकलणारा परिणाम. या आंदोलनाच्या वारंवारितेलाही उत्प्लावन वारंवारिता म्हणतात आणि स्थितांबरात तिचा आवर्तकाळ सुमारे पाच मिनिटांचा असतो.

‘गुरुत्व तरंग’ असा पर्याय काही जण सुचवतात. तो चुकीचा नाही, परंतु केवळ ‘ईय’ प्रत्ययाच्या आधारे दोन सर्वस्वी भिन्न घटना ओळखण्याचे ओझे वाचकावर टाकणे मला पटत नाही. शिवाय मराठीत लहर आणि तरंग हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात. म्हणून ‘उत्प्लावन लहरी’ लिहावे आणि पहिल्या उल्लेखात ‘वातावरणीय गुरुत्व तरंग’ हे दुसरे नावही द्यावे.