गुपित, हशा आणि जेवणाचे टेबल

प्रश्न : नुकताच एक विनोदी चित्रपट पाहिला. त्यात वडिलांनी नोकरी सुटल्याचे घरात सांगितलेले नाही, मुलीने ठरलेले लग्न परस्पर मोडले आहे आणि आजीने राहते घर विकायला काढले आहे. मध्यंतरापर्यंत आम्ही पोट धरून हसलो. शेवटी जेवणाच्या टेबलावर सगळी गुपिते फुटली, तेव्हा मात्र हसूही आले नाही आणि रडूही. माणसे तीच, गुपिते तीच; मग मजा कुठे गेली?

उत्तर : मध्यंतरापर्यंत आपण गुपितांना हसत नव्हता, ती झाकण्यासाठी चाललेल्या धडपडीला हसत होता. नोकरी जाणे ही हसण्यासारखी गोष्ट नाहीच. पण नोकरी गेलेला माणूस रोज सकाळी इस्त्रीचे कपडे घालून वेळेवर घराबाहेर पडतो आणि संध्याकाळी दमल्याचे सोंग आणत परततो, तेव्हा हसू येते, कारण खऱ्या नोकरीपेक्षा खोट्या नोकरीसाठी त्याला जास्त राबावे लागते. गुपित फुटले की हे राबणे थांबते. लेखकाने त्याच्या जागी दुसरे काही आणले नसेल, तर पडद्यावर उरते ते घाईने उरकलेले दुःख, आणि ते धड रडवतही नाही.

प्रेक्षकाला आधीच सारे ठाऊक असणे, ही या प्रकाराची पहिली अट आहे आणि ती सिनेमापेक्षा फार जुनी आहे. 1664 साली प्रथम रंगमंचावर आलेल्या फ्रेंच नाटककार मोलियेरच्या ‘तार्त्युफ’ या नाटकात, घरात ठाण मांडून बसलेल्या ढोंग्याचे खरे रूप नवऱ्याने स्वतःच्या कानांनी ऐकावे म्हणून एल्मीर त्याला टेबलाखाली लपवते. ढोंगी लगट करू लागतो, ती खोकून खूण करते, पुन्हा खोकते, आणि नवरा काही केल्या बाहेर येत नाही. टेबलाखाली कोण आहे हे आपल्याला माहीत असल्यामुळे प्रत्येक खोकल्याला हशा मिळतो. तेच आपल्यापासून लपवले असते, तर आपण एकदा दचकलो असतो आणि विषय संपला असता.

गुपित फुटल्यावर काय करावे, याचे मला सर्वांत आवडणारे उत्तर 2003 सालच्या ‘गुड बाय, लेनिन!’ या जर्मन चित्रपटात आहे. (तो पाहायचा असेल, तर हा परिच्छेद सोडून द्यावा.) पूर्व बर्लिनमधली एक निष्ठावान समाजवादी आई कोमात असताना बर्लिनची भिंत पडते आणि तिचा समाजवादी पूर्व जर्मनी मोडकळीला येतो, आणि आठ महिन्यांनी ती शुद्धीवर आल्यावर डॉक्टर तिला धक्का बसू देऊ नका म्हणून बजावतात. मग मुलगा तिच्या खोलीपुरता जुना देश चालू ठेवतो. आईला हव्या असलेल्या खास काकड्या बाजारातून नाहीशा झालेल्या असतात, तेव्हा तो कचऱ्यातून जुन्या बरण्या शोधून, त्या उकळून, त्यांत नव्या काकड्या भरतो. खिडकीबाहेर कोका-कोलाचा फलक झळकतो, तेव्हा मित्राच्या मदतीने खोटी बातमीच चित्रित करतो. पुढे कळते की आईनेही मुलांपासून काही लपवले होते : वडिलांची पत्रे स्वयंपाकघरातल्या कपाटामागे पडून होती. अखेर मुलाच्या नकळत त्याची मैत्रीण आईला सत्य सांगते. त्यानंतर तो शेवटची खोटी बातमी दाखवतो, तेव्हा आईचे लक्ष पडद्यापेक्षा मुलाकडेच अधिक असते. आता सोंग करण्याची पाळी तिची असते, म्हणूनच विनोद संपत नाही आणि डोळेही भरून येतात. आपण पाहिलेल्या चित्रपटाने असे काही न करता, हजेरी घ्यावी तशी एकेकाची कबुली घेतली असावी.

प्रश्न : असे स्फोट नेहमी जेवणाच्या टेबलावरच का होतात?

उत्तर : तिथून कुणाला सहज उठून जाता येत नाही, एवढेच. दिग्दर्शकाला ते सोपे वाटत असेल, असे मात्र समजू नये. आठ माणसे टेबलाभोवती बसली, की कोण कुणाकडे पाहत आहे हे प्रत्येक शॉटमध्ये जुळवावे लागते. आणि ज्या वाक्याला पेला अर्धा होता, त्याच वाक्याला तो दहाव्या टेकलाही अर्धाच असावा लागतो. अनुभवी नट अशा प्रसंगी घास नुसता ताटात फिरवत का बसतात, हे एकदा निरखून पाहावे.

प्रश्न : घरातल्यांनी आजार लपवणे हा विनोदाचा विषय होऊ शकतो का? मला ते निर्दयपणाचे वाटते.

उत्तर : हसू आजाराला येते की लपवणाऱ्यांच्या तारांबळीला, यावर ते अवलंबून आहे. लुलू वांग यांनी 2019 साली ‘द फेअरवेल’ हा चित्रपट स्वतःच्या घरातल्या प्रसंगावरून केला. चीनमधल्या आजीला कर्करोग झाल्याचे तिला सांगायचे नाही, म्हणून परदेशी विखुरलेले कुटुंब नातवाच्या घाईघाईने ठरवलेल्या लग्नाचे निमित्त करून तिच्याभोवती जमते. तपासणीचा अहवाल तिच्या हाती पडण्यापूर्वी गाठून तो बदलून घेण्यासाठी नात धावत सुटते, तेव्हा आपण हसतो. आजीच्या खोकल्याला हसत नाही. शिवाय या आजीने आपल्या नवऱ्याच्या आजारपणात त्याच्याशी नेमके हेच केले होते, हे कळल्यावर फसवणारे कोण आणि फसणारे कोण, याचा हिशेब नातीलाही लागत नाही.